एका ओहोटीची बॅटरी

दुकान सोडून दीड वर्ष होत आलं, पण दुपारी जेवून जरा आडवं झालं की मला अजून ते चार्जर दिसतात. भिंतीवर ओळीनं लावलेले, प्रत्येकाच्या कपाळावर एक दिवा. लाल म्हणजे भरतेय, हिरवा म्हणजे भरली. अर्धवट झोपेत ते दिवे सावकाश रंग बदलत राहतात आणि वाटतं, काउंटरवर कुणीतरी येऊन उभं आहे, आता हाक मारेल. मग शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी होते आणि मी वर्तकनगरला, माझ्याच घरात, पंख्याखाली असते.

अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, कामाबद्दल लिहा. म्हटलं, बाई, मी ड्रिल मशिनं विकली. त्यात काय लिहायचं? त्या म्हणाल्या, तेच. आता हौस त्यांची आणि त्रास तुमचा.

तेवीस वर्षं मी हत्यारांच्या दुकानात काउंटरवर उभी होते. बहुतेक ठाण्यात, मधली चार वर्षं कल्याणच्या शाखेत. सुरुवातीला वायरवाली मशिनं, आणि गेली दहा-बारा वर्षं बॅटरीवाली. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी माझ्याकडे बघायचं, मग माझ्या खांद्यावरून पाठीमागे बघायचं. "मॅडम, कुणी माणूस नाही का?" मी विचारायची, "मी कोण दिसते, मांजर?" शेठ आतून खोकायचे. पण दुसऱ्या खेपेला तेच गिऱ्हाईक येऊन शेठना म्हणायचं, "ताई कुठायत?" हे ऐकायला मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आता बाहेरच्यांसाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बॅटरीवर दोन आकडे असतात. एक व्होल्टचा, एक अँपिअर-अवरचा. व्होल्ट म्हणजे मनगट. अँपिअर-अवर म्हणजे पोटातलं जेवण. मनगटात जोर किती, हा एक प्रश्न, आणि एकदा जेवल्यावर किती वेळ राबेल, हा दुसरा. त्या दुसऱ्या आकड्यावरून आमच्याकडे बॅटरीला दोनवाली, चारवाली, सहावाली म्हणतात. आकडा वाढला की डबा मोठा होतो, वजन वाढतं, आणि तरी शंभरातले नव्वद लोक येऊन मोठीच मागतात. मोठी घेतली की जोर वाढेल असं त्यांना वाटतं. थोडा वाढतोही, पण त्यांना वाटतो तेवढा नाही. वाढतं ते हाताला लागणारं ओझं.

हे तोंडानं सांगून कुणाला पटत नाही. म्हणून मी एक रीत काढलेली. समोरच्या टपरीवर चहा सांगायचा आणि गिऱ्हाईकाच्या हातात त्याला हवी ती मोठी बॅटरी लावलेलं मशीन द्यायचं. "आता हात वर करा, छताकडे. चहा येईपर्यंत खाली आणायचा नाही." डोंबिवलीचा रामकृपाल नावाचा फॉल्स सीलिंगवाला पहिल्यांदा आला तेव्हा मोठ्या तोऱ्यात होता. "सहावाली दे दो दीदी, बार बार कौन बदलेगा." दिली हातात. पहिलं मिनिट हसत होता. दुसऱ्या मिनिटाला बोलायचा थांबला. चहा यायच्या आत त्याचं कोपर असं लटलट हलायला लागलं की मलाच दया आली. दिवसभर छताकडे हात करून काम करणारा माणूस तो. दोन दोनवाल्या घेऊन गेला, आणि पुढे आपल्या सगळ्या मंडळींना माझ्याकडे धाडत राहिला. त्यांना आधीच बजावून पाठवायचा, तिथे गेल्यावर चहा फुकट नाही मिळत.

डोंबिवलीचेच एक गृहस्थ आठवतात. बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट, वहीत तक्ते काढून आणलेले. दोन महिने व्हिडिओ बघून अभ्यास केलेला. त्यांना सर्वांत मोठी हवी होती, नऊवाली. मी विचारलं, "काका, करायचंय काय?"

"पडद्यांचे रॉड लावायचेत. दोन खोल्यांचे."

"म्हणजे आठ भोकं."

"बारा," ते म्हणाले. "स्वयंपाकघरातही एक आहे."

मी पुष्कळ समजावलं. ऐकेनात. भविष्याचाही विचार करायला हवा, म्हणाले. शेवटी दिली. वर्षभरानं तीच बॅटरी घेऊन परत. बारा भोकं पाडून झाल्यावर त्यांनी ती रिकामी, तशीच माळ्यावर टाकलेली. ती आता चार्ज घेईना. मी सांगितलं, काका, बॅटरी वापरली तरी थकते आणि नुसती ठेवली तरी थकते. ठेवायचीच तर अर्धी भरून, थंड जागी, आणि मधूनमधून जरा फिरवायची. त्यांनी ती बॅटरी उचलून पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच." आणि वही बंद केली. त्या दिवशी मी त्यांना खरोखर चहा पाजला, हात वर न करता.

तर अशी मी. नाकावर माशी बसू न देणारी. कुणाला किती आकड्याची लागेल हे मी माणूस दारातून आत येताना ओळखते, असं मी सगळीकडे सांगत फिरायची. आणि मग कमळाबाई आली.

कमळाबाई बाळकुमची. खाडीकाठच्या जुन्या कोळी वस्तीतली. आता बाळकुम म्हटलं की लोकांना ते उंच टॉवर आठवतात, पण त्यांच्या पाठीमागे, चिखलाच्या कडेला, अजून ती घरं आहेत. साठीची बाई, काळीसावळी, ताठ. काउंटरवर आली आणि माझ्या खांद्यावरून मागे वगैरे काही बघितलं नाही. सरळ मला विचारलं, "बाय, वायरीबिगर चालतं ते मशीन हाय का?"

"आहे की. काम काय?"

"होरीची फली बदलायचीय."

होरी म्हणजे होडी. तिच्या नवऱ्याची, हरीभाऊंची. त्यांना दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून होडी कमळाबाई चालवत होती. खाडीत जायचं, चिंबोऱ्या, कोळंबी, मिळेल ते आणायचं, विकायचं. घर त्यावर चालत होतं. आणि होडीच्या बुडाजवळची एक लांब फळी कुजलेली. दीर धर्मा सुतारकाम जाणणारा, पण त्यानं सांगून टाकलेलं, वहिनी, ही आता जुनी झाली, यंदा दुरुस्त झाली नाही तर फोडू आणि लाकूड वापरू. त्याचंही चूक नव्हतं. प्रत्येक वेळी आत शिरलेल्या पाण्याचा उपसा करून करून तो कंटाळलेला.

मी म्हटलं, होडी काठावर ओढून घ्या ना, मग आठ दिवस करा सावकाश. त्यावर ती हसली. पूर्वी जिथे होड्या ओढायचे तिथे आता कॉम्प्लेक्सची भिंत होती. वस्तीतून वायर आणायची तर तीही त्या भिंतीला वळसा घालून, चिखलातून. आता होडीला कोरडी जागा एकच, ओहोटीला उघडा पडणारा चिखल. पाणी उतरलं की होडी चिखलात बसते, पाणी चढलं की उचलते. जुनी फळी काढली की बुडाला लांबलचक भगदाड. त्यामुळे नवी फळी त्याच ओहोटीत बसली पाहिजे, नाहीतर परतीचं पाणी आत शिरणार आणि होडी तिथेच चिखलात रुतून राहणार.

"म्हनून सांग," ती म्हणाली, "एका ओहोटीला पुरंल का तुझी बॅटरी?"

तोवर मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. लोक तास विचारतात, भोकं विचारतात. ही ओहोटी विचारत होती. मला इतकं गोड वाटलं ते, की मी तिथेच हरवल्यासारखी झाले. तिनं समजावलं, पुनवेला-अवसेला पाण्याला उधाण असतं, सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला जोर कमी, त्याला भांग म्हणतात. सप्तमीला पाणी सकाळी उतरतं आणि दुपारी दोन-अडीचला होडीच्या जागी परत येतं. मधले पाच-सहा तास आपले.

मी कागद घेतला. चव्वेचाळीस भोकं. जाड लाकूड, फळी आणि आतली आडवी, म्हणजे होडीची बरगडी, दोन्ही मिळून. हिशोब केला, वर थोडं धरलं, आणि सांगितलं, "सहावाली घ्या. एकच. ओहोटी काय, दीड ओहोटी पुरेल."

कमळाबाईनं बॅटरी हातात घेऊन तोलली. "दोन बारक्या घेव का त्यापरीस? आमी होरीत वल्ही दोन ठेवतो. यक हातातलं, यक पायाखालचं."

इथे मी चुकले. आणि बरं का, अगदी शहाण्यासारखी चुकले. मी तिला म्हटलं, "अहो, दोन लहान म्हणजे बदलाबदली आली. हात चिखलानं बरबटलेले, पाणी खारं. खाचेत एक थेंब गेला तर बॅटरीही जाईल आणि मशीनही. एकदा मोठी लावा आणि शेवटपर्यंत काढूच नका." युक्तिवाद बिनतोड होता. तिला मी हात वरसुद्धा करायला लावला नाही, कारण काम छताचं नव्हतं, बुडाचं होतं. ती म्हणाली, "तू बोलतेस तर तसं." आणि जाताना म्हणाली, "बघाया ये. तुझी सुट्टी सोमवारी ना? सप्तमी सोमवारीच हाय."

मी गेले. सकाळी आठला बाळकुमला उतरले, भिंतीच्या कडेकडेनं खाली. वस्तीच्या टोकाच्या घराला खिडकी, खिडकीत हरीभाऊ बसलेले. मी हात जोडले, त्यांनी मान हलवली. समोर खाडी. पाणी इतकं हळू उतरत होतं की उतरताना दिसतच नव्हतं, फक्त बघावं तेव्हा चिखल थोडा जास्त असायचा. तिवरांच्या मुळ्या उघड्या पडत होत्या, बगळे उभे होते, पलीकडचे टॉवर धुरकट, जसे काही कुणी नुसते रेखाटून ठेवलेत. एवढं शांत ठाणं मी कधी पाहिलं नव्हतं. दुकानातून दोन-तीन किलोमीटरवर हे असं रोज होत होतं, दिवसातून दोनदा, आणि मी तिकडे बॅटऱ्या पुसत बसलेले.

होडी एका कुशीवर कलंडून बसली. धर्मानं जुने खिळे उपटायला घेतले. तो कमी बोलणारा माणूस. मला एकदाच म्हणाला, "ताई, साडी सोडून दुसरं काय नव्हतं?" फळी निघाली तर तिच्यामागची एक आडवीही आतून पोकळ. तिला जोड द्यावा लागला. त्यात दीड-दोन तास गेले, जे माझ्या कागदावर नव्हते. नवी फळी वाकवून जागेवर बसवली तेव्हा बारा वाजलेले. पाणी दूर, रेघेसारखं चमकत होतं. कमळाबाई म्हणाली, "फिरलं."

"काय फिरलं?"

"पानी."

मला काही फरक दिसला नाही. पण धर्मा उठला आणि त्यानं मशीन हातात घेतलं. पहिलं भोक पडलं तेव्हा मी लहान मुलीसारखी हरखले. काय सुरेख आवाज, काय सुरेख भुसा. भोक पाडायचं, जस्ताचा लांब खिळा घालायचा, ठोकायचा, पुढे सरकायचं. चोवीस भोकं झाली. वर ऊन रणरणत होतं, होडीच्या काळ्या अंगावर हात ठेववत नव्हता. आणि पंचविसाव्या भोकात मशीन थांबलं.

धर्मानं बटण दाबलं. परत दाबलं. बॅटरीवरचे दिवे लुकलुकले आणि गप्प. "संपली," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. कमळाबाईनं बघितलं नाही, तेच जास्त लागलं.

मी बॅटरी हातात घेतली आणि चटकाच बसला. संपली नव्हती. अर्ध्याहून जास्त भरलेली होती. तापलेली. बॅटरीच्या आत एक राखणदार असतो, फार तापली की तो दार लावून घेतो, जळू नये म्हणून. थंड झाल्याशिवाय उघडत नाही. हे मला पाठ होतं. गिऱ्हाइकांना मी हजारदा सांगितलेलं, गरम बॅटरी चार्जरला लावू नका. पण दुकानात एसी होता. तिथे काउंटरवर लाकडाचा एक ठोकळा ठेवलेला, त्यात एखादं भोक पाडून दाखवायचं, झालं. इतक्या वर्षांत मी उन्हात सलग चोवीस भोकं पाडणारा माणूस पाहिला नव्हता. लोकांचं काम मी फक्त त्यांच्या तोंडून ऐकलेलं. दोन लहान असत्या तर एक सावलीत निवत पडली असती आणि दुसरी चालली असती. कमळाबाईला हे ठाऊक नव्हतं, पण तिला जे ठाऊक होतं तेवढं पुरेसं होतं, आणि मी तिला गप्प केलेलं. मला त्या चिखलात गडप व्हावंसं वाटलं.

"बरफात ठेवू?" कमळाबाईनं विचारलं. मासळीचा थर्माकोलचा डबा तिच्याजवळ होता.

"नको," मी म्हटलं. "आत घाम धरेल, मग कायमची जाईल. सावलीत ठेवा." मी बॅटरी होडीच्या सावलीत टोपलीवर ठेवली आणि डब्याच्या झाकणानं वारा घालत बसले. लग्नात पंगतीला वारा घालतात तसा.  धर्मानं पिशवीतून जुनं गिरमिट काढलं, हातानं फिरवायचं, आणि भोक पाडायला लागला. एका भोकाला दहा मिनिटं, आणि त्याच्या मनगटाची शीर टरटरून फुगलेली.

वीस मिनिटांनी बॅटरी जागी झाली. सहा भोकं दिली आणि पुन्हा दार लावून घेतलं. पुन्हा वारा, पुन्हा गिरमिट. पाणी आता रेघ राहिलं नव्हतं. ते येत होतं, तेही सरळ नाही, चिखलातल्या बारीक बारीक वाटांनी, वळणं घेत, एखादी वाट विसरल्यासारखं थांबून परत पुढे. इतकं देखणं होतं ते, आणि मला त्याची भीती वाटत होती. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं, कोण जाणे.

दोन वाजता पहिलं पाणी माझ्या चपलेला लागलं. दहा भोकं राहिलेली, सगळी फळीच्या पुढच्या टोकाला, आणि तिथेच फळी जास्त वाकवलेली. ती सुटायला बघत होती. कमळाबाईनं पाठ लावली तिला आणि पाय चिखलात रोवले. धर्मानं तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ताई, मी ठोकतो. तुम्ही पाडा."

"मी?"

"मशीन तुमचंच ना?"

या वेळी बॅटरी पुरती निवलेली होती. मी ती लावली, खाच पदरानं तीनदा पुसून. पदर कमरेला खोचला आणि चिखलात उतरले, पोटरीपर्यंत. खरं सांगते, मी ते मशीन हजारदा उचललेलं, पण त्या दिवशी ते मला पहिल्यांदा कळलं. ओल्या लाकडात मशिनाचं बिट अडकतं तेव्हा सगळा झटका मनगटाला बसतो, आणि मनगटातून खांद्याला. पहिल्या भोकाला माझा हात फिरला. धर्मा म्हणाला, "दाबू नका, जाऊ द्या त्याला." दुसरं बरं गेलं. मी पाडत होते, मागून तो ठोकत होता, आणि कमळाबाई फळीला पाठ लावून उभी, डोळे मिटून. पाणी तिच्या गुडघ्याला आलं. ती मोजत होती, मोठ्यानं. "चार. पाच. सा."

आठव्याला माझा हात थकला. बिट तिरकं गेलं. मला ते जातानाच कळलं, पण मागे घ्यायला वेळ नव्हता. धर्मानं खिळा घातला, तो तिरकाच बसला, कडेला बारीक फट राहिली. मी त्याच्याकडे बघितलं. "पुढे," तो म्हणाला. नऊ. दहा. कमळाबाईनं डोळे उघडले.

मग त्या दोघांनी फळीच्या सांध्यात राळ लावलेला कापूस भरला, कमरेइतक्या पाण्यात वाकून, हातांनी चाचपत. माझ्या तिरक्या भोकाशी कमळाबाईनं जरा जास्त कोंबला. मी काठावर मशीन छातीशी धरून उभी राहिले. मला रडू येत होतं आणि रडायला लाज वाटत होती. माझ्या एका आकड्यापायी त्या बाईची होडी जाणार होती. ती काही बोलली नसती, आणि मला आयुष्यभर ते न बोलणं पुरलं असतं.

होडी हलली. आधी मागचं टोक, मग पोट. चिखलानं तिला सोडताना एक मोठा उसासा ऐकू आला. ती सरळ झाली आणि तरंगली. धर्मानं दोन्ही हातांनी तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, "वहिनी, नाय फोडायची आता." एवढंच बोलला आणि काठाकडे निघाला.

कमळाबाई वर चढली, वल्हं घेतलं, आणि मला म्हणाली, "चल, बस."

"मी कशाला?"

"आमच्यात असंच असतं. होरीला ज्याचं हात लागलं, त्यानं पयल्या फेऱ्याला बसायचं. आपलं काम आपल्या अंगाखाली."

"मला पोहता येत नाही, कमळाबाई."

"मना येतं," ती म्हणाली.

बसले. दुसरं काय करणार होते? होडी काठापासून निघाली आणि सगळे आवाजच बंद झाल्यासारखे झाले. फक्त वल्ह्याचं पाणी. तिवरं आता अर्धी बुडालेली, टॉवर पाण्यात उलटे उभे. मघाशी मी जिथे पोटरीभर चिखलात होते, त्याच्यावरून आम्ही चाललो होतो. मला वाटलं, मी दुपारची झोपलेय आणि हे सगळं पंख्याखाली चाललंय.

तेवढ्यात पायाशी गार लागलं. बघते तर माझ्या तिरक्या खिळ्याच्या कडेनं पाणी झिरपत होतं. बारीक, पण येत होतं. बाकीच्या त्रेचाळीस ठिकाणी कोरडं ठणठणीत.  तिला दिसू नये अशी हळूच चप्पल काढली आणि उजव्या पायाची टाच त्या जागेवर दाबून धरली.

कमळाबाईनं होडी वळवली, वस्तीच्या टोकाच्या घरासमोर आणली, आणि वल्हं थांबवलं. खिडकीत हरीभाऊ होते. त्यांनी चालत होता तो एक हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. कमळाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा वल्हवायला लागली. तिचे डोळे भरलेले होते. माझे तर कधीचेच.

त्यानंतर दुकानात मी कुणालाही बॅटरी देताना एक प्रश्न वाढवला. मशीन मधेच थांबलं तर तुमचं काय अडेल? त्याचं उत्तर ऐकल्यावर मग आकडा सांगायचा. बहुतेकांना दोन लहान द्यायची. कमळाबाईकडे पुढच्याच सोमवारी मी सहावाली बदलून दोन तीनवाल्या स्वतः घेऊन गेले, तेव्हा तिनं मला निखाऱ्यावर भाजलेली चिंबोरी खायला घातली. पण ते पुढचं झालं.

त्या दुपारी खाडीच्या मध्यावरून आम्ही काठाकडे परत निघालो तेव्हा ती म्हणाली, "उचल पाय आता. किती येळ धरशील? कापूस फुगला, फली पानी प्याली. नाय येत आता."

म्हणजे तिला पहिल्यापासून दिसत होतं. मी टाच जरा उचलून पाहिलं. खरंच, पाणी थांबलेलं. खिळा तिरका, पण कोरडा.

मी टाच परत तिथेच ठेवली, आणि होडी काठाला लागेपर्यंत काढली नाही.